वितळलेली टोकं

पहिला फटका वल्ह्याचा होता. तो दिनेशच्या दंडावर बसला आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज धक्क्यावरच्या सगळ्यांनी ऐकला.

छायाने धाकट्या भावाचे डोळे झाकायला हात पुढे केला. समाधानने तो झटकला. "झाकू नकोस. हा कालचा पेठवाला दादा आहे ना?"

तोच होता. दिवाळीच्या सुट्टीत दोघं नाशिकच्या सातपूरहून मुंबईला मावशीकडे आली होती आणि मावशीच्या ओळखीची हेमांगी त्यांना रोज शहर दाखवत होती. इराण्याचा कडक पाव, चर्चच्या पायऱ्या, दर्ग्यामागची मिठाईची गल्ली, सायकलवरचा तमिळ इडलीवाला असं करत करत ती काल त्यांना आपल्या कोळीवाड्यातल्या धक्क्यावर घेऊन आली. तिथे दिनेश भेटला. मनोज नाखव्याच्या बोटीवरचा खलाशी, मूळचा नाशिकजवळच्या पेठचा. नाशिकची पोरं म्हटल्यावर त्याने कोयत्याने बर्फ फोडून दोघांच्या हातावर खडे ठेवले होते.

"भात सोंगाय घर जायचा हाय," तो कापणीच्या रजेबद्दल म्हणाला होता, "पण नाखवा नीही सोडं."

आज सकाळी बोट परतली ती रक्ताने माखून. समुद्रात जाळं ओढताना ते मधोमध फाटलं, ताणलेला दोर चाबकासारखा उलटा आला आणि नाखव्याच्या धाकट्या भावाचं कपाळ फुटलं. त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. जाळ्याला ठिकठिकाणी भोकं होती. रजेवरून भांडण कोणाशी झालं होतं? दिनेशशी. कोयता कोणाकडे असतो? दिनेशकडे. नाखव्याला तेवढं पुरलं.

"जाळं का कापलंस? बोल!" नाखव्याने वल्हं पुन्हा उचललं.

"नीही कापला. माना काय ठाव नीही."

या वेळी फटका पाठीवर बसला. दिनेश गुडघ्यावर आला, आणि मग कोणीतरी त्याच्या बरगडीत लाथ घातली. गर्दीत आंध्रचे खलाशी होते, बर्फ वाहणारे भय्ये होते, टोपल्या घेतलेल्या कोळणी होत्या. कोणी पुढे येईना.

छायाने मावशीला फोन लावला. "काका पोलिसांना कळवतील. मोठ्यांच्या भांडणात पडू नका, आधी घरी या," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

"असा नाही बोलायचा हा," नाखवा ओरडला. "भरती चढतेय. होडी तरंगली की याला बाहेर न्या आणि दोरीला बांधून बुडवा. आपोआप बोलेल."

हेमांगीचा चेहरा उतरला. "हे खरंच बुडवतात गं. एकदा एकाला बुडवलं होतं, तो नंतर उठलाच नाही."

होडी चिखलात उभी होती आणि पाणी तिच्या तळाला लागत होतं. छाया मात्र पायाशी पडलेल्या जाळ्याकडे बघत होती. ती खाली बसली आणि तिने तुटलेलं एक टोक चिमटीत धरलं.

"समा, हे बघ. बाबांच्या शर्टाला असतात तशी भोकं."

समाधानने बोट फिरवलं. सातपूरच्या कामगारवस्तीतल्या त्यांच्या गल्लीत निम्म्या घरांत असे शर्ट वाळत पडलेले असतात. बारीक भोक आणि त्याच्या कडेला टणक, काळा मणी. "ठिणगी पडल्यावर होतं असं. गॅस कटिंगची ठिणगी."

"कोयत्याने धागा सरळ तुटतो. हा वितळलाय." छाया उठली. "काका, ऐका. हे कापलेलं नाही, जळलेलं आहे."

नाखव्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. "पोरांना हाकला इथून."

एका माणसाने समाधानची मानगूट धरली. समाधान त्याच्या मनगटाला कडकडून चावला. त्याबद्दल त्याला अशी थप्पड बसली की तो मासळीच्या टोपलीवर जाऊन पडला. ओठातून रक्त आलं. तो थुंकला आणि म्हणाला, "घाण चव आहे याची."

"मला लोहचुंबक पाहिजे," छाया हलक्या आवाजात म्हणाली.

"आमच्या फ्रिजवर आहे. आंब्याच्या आकाराचं," हेमांगी म्हणाली. "घर समोरच आहे, ते निळं दार. उघडंच असतं. पण होडी तरंगेल तोवर."

"तू थांबव होडी. मी पळते."

छाया पळाली. हेमांगी चिखलात उतरली आणि होडीत शिरून पाणी उपसल्यासारखं करत तळाशी वाकली. तिथलं लाकडी बूच तिने टाचेने हाणून सैल केलं, उपटलं आणि लांब खाडीत भिरकावून दिलं.

दोन माणसांनी दिनेशला फरफटत आणून होडीत टाकलं. मोडलेला हात अंगाखाली आला तेव्हा तो जनावरासारखा ओरडला. त्यांनी होडी ढकलली. ती थोडी पुढे गेली आणि तळातून पाणी वर येऊ लागलं.

"बूच कुठाय?"

"मला काय माहीत?" हेमांगी म्हणाली. "होडी तुमची."

एकाने तिचा दंड पिरगाळला. ती किंचाळली आणि ती किंचाळी ऐकून बाजारातली म्हातारी सुलाबाई गर्दी फाडत आली. एकही कोळीण तिच्या शब्दाबाहेर नव्हती. तिच्या हातात मासळी कापायचा कोयता तसाच होता.

"पोरीला हात लावलास रं? सोड आधी."

त्याने सोडलं. दिनेशला पुन्हा धक्क्यावर आणावं लागलं. तेवढ्यात छाया धापा टाकत परतली.

"आजी, एक मिनिट बघा. मग तुम्ही ठरवा." तिने फाटक्या जाळ्याचा एक धागा लोंबता धरला आणि त्याच्या टोकाजवळ ते आंब्याचं चुंबक नेलं. धागा हलला, तिरका झाला आणि टोकाचा काळा मणी टक्‌ करून चुंबकाला चिकटला.

गर्दी पुढे सरकली.

"आता तुमच्या कोयत्याने कापा."

सुलाबाईने त्याच जाळ्याचा धड धागा कापला. छायाने चुंबक जवळ नेलं. धागा जागचा हलला नाही. तिने जळकं टोक पुन्हा धरलं. ते चिकटलं. एकेक करत तिने बरीच टोकं दाखवली.

"नायलॉनमध्ये लोखंड कुठून येणार? वितळलेल्या लोखंडाचे थेंब पडले, धागा जळला आणि थेंब त्यातच अडकले. जाळ्यावर कोणीतरी लोखंड कापलंय."

"बोटीवर लोखंड कोणी कापलं?" सुलाबाईने विचारलं.

 अप्पाराव नावाचा आंध्रचा खलाशी खाली बघत म्हणाला, "नाखवाने कापला. परवा. जाळं ओढतो त्या विंचचा जुना पत्रा. घाई होता. मी बोलला, जाळं काढू, ताडपत्री टाकू. तो बोलला, काय नाय होत."

"दिनेश कुठे होता?"

"बर्फ आणायला गेलेला."

मनोज नाखव्याने वल्हं टाकलं. त्याने छायाच्या हातातलं टोक घेतलं, चुंबकाला लावलं, सोडवलं, परत लावलं.  भावाचं कपाळ कोणाच्या घाईने फुटलं, हे त्याला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

"उचल त्याला," सुलाबाई म्हणाली. "तू उचल. दुसरा कोणी हात लावणार नाय."

पोलिसांची गाडी आली तेव्हा नाखवा दिनेशला पाठुंगळी घेऊन रस्त्याकडे चालला होता. पोलिसांनी दोघांना गाडीत बसवलं, पण आधी गाडी हॉस्पिटलात नेली.

संध्याकाळी काका मुलांना तिथे घेऊन आले. सुलाबाई बाकावरून उठली आणि तिने समाधानच्या सुजलेल्या गालावरून हात फिरवला. "आमच्यातल्या एकालाही जे सुचलं नाय ते या पोरांनी केलं," ती काकांना म्हणाली. मग ती हेमांगीकडे वळली. "आणि तू. होडी बुडवलीस म्हणून रागवणार नाय. नवं बूच मी देईन." काकांनी छायाच्या डोक्यावर हात ठेवला. "फोनवर आम्ही घरी या म्हटलं," ते हळूच म्हणाले. "बरं झालं, ऐकलं नाहीत."

वॉर्डच्या दारात हवालदाराशेजारी मनोज नाखवा उभा होता. आत दोन्ही टोकांना दोन खाटा होत्या. उजवीकडे डोक्याला पट्टी बांधलेला भाऊ, डावीकडे प्लास्टरमधला दिनेश. नाखव्याने छायाकडे पाहिलं.

"आधी कोणाकडे जाऊ, पोरी?"

छायाने विचार केला. "दिनेशदादाकडे. भावाला तुमची घाई अजून माहीत नाही, ते नंतर सांगा."

नाखव्याने मान हलवली. चपला दाराबाहेर काढल्या आणि तो डावीकडे वळला.