निळा दिवा आणि रोखलेला श्वास

"एक डोळा मिळेल का? थोड्या वेळासाठी... लगेच परत करतो."

प्रयोगशाळेच्या दारात एक उंच तरुण उभा होता. माझ्या दोन्ही हातांत पेशींच्या बश्या, म्हणून मी नुसती मान वर केली.

"कुठला हवाय? डावा की उजवा?"

"दोन्ही मिळाले तर... म्हणजे, मी हावरट नाहीये हं —"

वेंडेल बील्स. खालच्या मजल्यावर डोळ्यांच्या दवाखान्यात नुकताच लागला होता. डोळ्यातला दाब मोजायला शिकत होता आणि सरावाला डोळे देऊन देऊन खालच्या सगळ्यांनी त्याला आता हात जोडले होते.

मी वरच्या मजल्यावरची रने कोमो. मरणानंतर दान केलेल्या डोळ्यांतून, दृष्टीच्या नसेच्या मुळाशी असणाऱ्या पेशी घेऊन वाढवायच्या, हे माझं काम. भिंगाखाली त्या चांदण्यांसारख्या दिसतात. नसेच्या नाजूक धाग्यांना त्याच जपतात. काही बश्या साध्या पेटीत ठेवायच्या, काही दाबाच्या पेटीत, आणि मग बघायचं — दाबाखाली कुठली जनुकं जागी झाली, कुठली गप्प बसली. जपणाऱ्या पेशीच हळूहळू भोवतालचं कुरतडायला लागतात, हे मी रोज बघत होते.

माझ्या आईची नजर याच दाबानं गेली. म्हणून तर मी या कामात आले. आणि म्हणूनच स्वतःचे डोळे तपासून घ्यायचं टाळत आले. घरी तीन वर्षांची एलोडी. तिला मी, मला ती. तिसरं कुणी नाही.

पण त्या दिवशी नाही म्हणवलं नाही.

खालच्या अंधाऱ्या खोलीत त्यानं डोळे बधिर करणारा पिवळा थेंब घातला, निळा दिवा लावला. बंदरात धुक्याचा भोंगा वाजत होता. त्याची बोटं हलकेच माझ्या पापणीवर...

"माझ्या कानाकडे बघ."

"दोन आहेत."

"उजव्या. तो जास्त देखणा आहे."

मला हसू आलं. त्याला मात्र नाही. यंत्रावरचा दाबाचा आकडा बघून त्याच्या कपाळावर आठी पडली — आणि मग एकदम उलगडली.

"तू श्वास रोखलास!"

"मुळीच नाही."

"रोखलास! श्वास रोखला की दाब चढतो. मी एवढा जवळ आलो की लोकांचे श्वास —"

"लोकांचे?"

"बरं बाई... तुझा."

ती समजूत किती गोड होती! दुसरं कारण मला नको होतं.

मग तो येतच राहिला. "आज तरी श्वास सोडशील का?" आकडा प्रत्येक वेळी चढलेलाच, आणि तो प्रत्येक वेळी खूश. बहिणीनं भाजलेली ओटची बिस्किटं आणायचा. एक मला, दोन एलोडीला. संध्याकाळी आम्ही एकाच फेरीबोटीनं बंदरापलीकडे डार्टमथला घरी जायचो. मी कठड्याशी उभी राहून एक डोळा झाकायची आणि पाण्यावरचे दिवे बघायची. मग दुसरा झाकायची. एखादा दिवा कडेनं नाहीसा होतोय का...

एकदा त्यानं पकडलं. "काय गं, चक्क डोळा मारतेस?"

आणि मला रडूच आलं.

"वेंडेल... मी श्वास रोखत नव्हते."

"म्हणजे? एकदाही नाही?"

"पहिल्या दिवशी... थोडासा."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. वारा सुटला होता. त्यानं गळ्यातला मफलर काढून माझ्या खांद्यांवर टाकला.

"आणि मी शहाणा, खुशाल मिरवत होतो," तो हळूच म्हणाला. "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं. मी येणार. वाद नको."

डॉ. मॅकआयझॅक बाईंनी बराच वेळ तपासलं. "नस थोडी झिजलीय, पोरी. नजर मात्र अजून शाबूत आहे. थेंब रोज घालायचे, कायमचे. आणि चुकवलेस तर माझ्याशी गाठ आहे!"

बाहेरच्या बाकावर मी बाटली मुठीत धरून बसले. कायमचे. रस्त्यात पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं.

"हे बघ, तू मोकळा आहेस. माझ्यामागे एक लेक आहे, आणि आता हे. उद्या मला काय दिसेल, काय नाही —"

"आधी थेंब."

"वेंडेल, मी काहीतरी बोलतेय —"

"ऐकलं. मान मागे कर."

गार थेंब पडला. त्यानं माझं बोट नाकाजवळच्या कोपऱ्यावर टेकवलं. "इथं दाबून धर. डोळे उघडायचे नाहीत."

"किती वेळ?"

"माझं बोलून होईपर्यंत." बाटलीचं झाकण लावल्याचा आवाज आला. "तुझ्या त्या चांदण्या... दाबाच्या पेटीत एकट्या असतात, म्हणून बिघडतात ना?"

"एकट्या कुठल्या? हजारो असतात."

"माझं उदाहरण बिघडवू नकोस गं! बरं, राहू दे चांदण्या." बाक जरासा करकरला. "मला तू हवी आहेस. एलोडीसकट. थेंबांसकट. उद्या काहीही दिसलं, न दिसलं, तरी."

त्याचा चेहरा बघायची केवढी ओढ लागली होती! माणूस खरं बोलतोय का, हे मी नेहमी चेहऱ्यावरूनच ताडत आले. पण डोळे मिटलेले. कानांवर येत होता तो फक्त आवाज... शेवटच्या शब्दाला किंचित कापलेला. तेवढा पुरे झाला.

"झालं माझं बोलून," तो म्हणाला. "उघड आता."

"थांब," मी म्हणाले, आणि मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे केला.

मला वाटलं होतं त्याहून तो कितीतरी जवळ होता.