सर्पिल नळी आणि दुपारची डुलकी

मिरजेच्या निद्रा-प्रयोगशाळेत शिकाऊ हेमांगीची चाळिसावी काचनळी तडकली, आणि डॉ. वैजयंती दातरंगेचा धीर सुटला. शुक्रवारी याकूबचाचा निवृत्त होणार होते. सात वेढ्यांची सर्पिल नळी फुंकणारा हा एकच कारागीर उरला होता. यंत्रमानवांनी त्या कामापुढे केव्हाच हात टेकले होते.

"तुमच्या निद्राटोपात काही राम नाही, बाई," काचेचे तुकडे गोळा करत चाचा म्हणाले.

"सिद्धांत पक्का आहे, चाचा. माणूस दुसऱ्याचं बघून शिकतो. दिवसा पाहिलेलं मेंदू झोपेत पुन्हा गिरवतो, आणि टोप ते गिरवणं शंभरपट ठळक करतो. ही सकाळभर तुमच्याकडे बघते, दुपारी टोप घालून झोपते. तीन महिने झाले, हात कसा वळत नाही?"

"मॅडम, एक बोलू?" हेमांगीने नोंदवही उघडली. "मेंदू पाहिलेलं सगळंच गिरवत नाही. ज्याच्यासारखं व्हावंसं वाटतं, त्याचंच गिरवतो. मी बसायचे चाचांसमोर, पण माझं सगळं लक्ष तुमच्याकडे. तुम्ही चूक कशी हुडकता, तिकडे."

वैजयंतीला बरंही वाटलं आणि रडूही आलं. "म्हणजे चाचांची कला त्यांच्याबरोबरच गेली."

"टोप तपासायला रोज माझ्या आधी तो घालून अर्धा तास कोण डुलकी घेतं?"

"मी."

"आणि हल्ली गरम चहाचा कप धरला की कानाची पाळी कोण चिमटतं? पान बावीस."

चाचांचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. बोट भाजलं की पाळी चिमटायची त्यांची चाळीस वर्षांची सवय.

वैजयंतीला आता उमगलं. रोज सकाळी चाचांची बोटं बघताना ती नोंदी करायलाच विसरायची. म्हणून तर वही हेमांगीकडे गेली होती.

चाचांनी आपला काळा चष्मा तिच्या नाकावर चढवला. ज्योत निळी झाली, काच मऊ पडली, आणि तिचे हात तिला न विचारता फिरू लागले. सातवा वेढा पुरा झाला, तरी नळी तडकली नाही. वैजयंतीला इतका आनंद झाला, की फुंकणी खाली ठेवायचंही तिला सुचेना.

"आता मी सुखानं घरी जातो," डोळे पुसत चाचा म्हणाले. "पण बाई, तुमचं काम कोण बघणार?"

वैजयंती वळली. हेमांगी तिच्याच खुर्चीत, पेन हनुवटीला टेकवून, हुबेहूब तिच्यासारखी बसली होती. वहीत ताजी नोंद होती: 'प्रयोग यशस्वी. विद्यार्थी निवडताना मात्र चूक झाली.'