चेहरा ठेवला, हार नेला

"खून झाला समजा, म्याडम," भगवंतराव इंगळे म्हणाले. "माह्या बहिनीचा. तोही दुसऱ्यांदा."

नत्थुजींच्या हातातला चहा बशीत सांडला. संध्या गवई मात्र नुसती पुढे सरकून बसली. अमरावतीत राजकमल चौकामागच्या गल्लीत तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं आणि तिथे खून कधीच येत नसत. येत ती लग्नाआधीची स्थळं. मुलगा पितो का, नोकरी पर्मनंट आहे का, एवढीच काय ती रहस्यं. नत्थुजी हे तिच्या वडिलांचे मित्र, एस.टी.तून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून रोज सकाळी इथे येऊन बसत. मदत करतो म्हणत. संध्याही तसंच म्हणायची, कारण ती मनाने चांगली होती.

भगवंतरावांनी टेबलावर फ्लेक्सची गुंडाळी उलगडली. हिरवी वेल, तिच्यावर गोल गोल फोटो. इंगळ्यांच्या पाच पिढ्या. निवृत्त रेल्वे गार्ड असलेल्या या गृहस्थाने बडनेऱ्याच्या घरात एकट्याने बसून ही वंशवेल जुळवली होती. गावोगाव फिरून, म्हाताऱ्यांच्या पाया पडून फोटो मिळवले होते. मूलबाळ नव्हतं. बायको गेलेली. पुढच्या रविवारी वलगावला सगळ्या इंगळ्यांचा मेळावा भरवून हा फ्लेक्स तिथे लावायचा होता.

गेलेल्या माणसांच्या फोटोभोवती झेंडूचा हार छापलेला होता. जित्यांचे फोटो मोकळे.

"हे पाहा."

एका तरुण मुलीच्या फोटोभोवतीचा हार कोणीतरी कात्रीने गोल कापून काढला होता. रिकाम्या जागी मागून पांढऱ्या फ्लेक्सचा तुकडा लावला होता. आणि मधोमध तो चेहरा पुन्हा नीट शिवून टाकला होता, जाड दोऱ्याने, बारीक टाके घालून.

"ललिताबाई. माही मोठी बहीण," भगवंतराव म्हणाले. "मले कडेवर घेऊन वाढवलं तिनं. शिवनकाम शिकाले अकोल्याले खुशालदादाकडे गेली अन् तिकडंच तापानं गेली. मी अकरा वर्षांचा होतो. आमाले तोंडसुद्धा पाहाले भेटलं नाई."

"कशी होती?"

"हसरी. डावखुरी. आई लई वरडे तिच्यावर, डाव्या हातानं जेवते म्हनून." त्यांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "तिचा हार काढून नेला, म्याडम! मेल्यावरचा मान काढून घेतला. आपल्याच मानसायनं. कोनं केलं ते समजल्याबिगर मी मेळावा करत नाई. कोनासाठी करू?"

संध्याने फ्लेक्सच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. बांबू घालायला तिथे दुमड घातली होती. मग चेहऱ्याच्या कडेवरून फिरवलं. नत्थुजींना वाटलं, पोरगी विचारात पडली की हात चाळवते.

"छापला कुठे?"

"अकोल्यात, जुन्या शहरात. उसामाच्या दुकानात. मी दर आइतवारी फेसबुकवर घरचा एक जुना फोटो टाकतो. नातेवाइकायपैकी कोनी ढुंकून पाहात नाई. हा पोरगा तेवढा न चुकता लाइक करे. त्यानंच म्हटलं, अंकल, छापून देतो." दुकानातून गुंडाळी गेली खुशालरावांच्या घरी. दोन दिवसांनी त्यांची नात आरती ती बडनेऱ्याला घेऊन आली.

"म्हणजे तीन जण," नत्थुजींनी शहाण्यासारखी मान डोलावली.

खुशालराव ऐंशीच्या पुढचे, भगवंतरावांचे चुलतभाऊ. अकोल्यातल्या त्यांच्या बैठकीत बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरीखाली घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो ओळीने लावले होते. प्रत्येकाला चंदनाचा हार. आईवडील, काका, बायको, इतकंच काय, वलगावचा एक दूरचा मामासुद्धा. संध्या ती ओळ दोनदा पाहून आली. नत्थुजींनी पोहे घेतले.

"गुंडाळी दाराआड उभी होती. मी हात नाई लावला," म्हातारा म्हणाला.

"ललिताबाईंच्या शेवटच्या वेळी तुम्ही जवळ होतात ना?"

"होतो. इथंच माती देली."

"चेहरा तसाच ठेवून कोणी हार कापून नेला, असं भगवंतरावांनी सांगितलं तुम्हाला?"

खुशालरावांच्या हातातली काठी घसरली. "चेहरा ठेवला?" त्यांनी विचारलं.

आरती शाळेत शिक्षिका होती आणि बोलायला फटकळ. "मी कापलं असतं तर अख्खा फ्लेक्स कापला असता," ती म्हणाली. "पोरींच्या नावापाशी वेल संपते, पाहिलं का तुमी? आमी लग्न करून गेलो म्हंजे मेलोच. भगवंतबाबाले मी तोंडावर सांगितलं. पन चोरून कापाकापी माह्याच्यानं होत नाई."

बाहेर आल्यावर नत्थुजी कुजबुजले, "हीच. राग आहे हिच्या मनात."

"राग आहे म्हणूनच ती नाही. रागावलेलं माणूस कापतं, काका. कापून पुन्हा शिवत बसत नाही."

मोर्णा नदी ओलांडून ते जुन्या शहरात गेले. गल्लीत एकाच दाराला दोन पाट्या होत्या. वरची नवी, उसामा डिजिटल. खालची रंग उडालेली, अब्दुल रहीम गादीवाले. आत एकीकडे छपाईचं मशीन, दुसरीकडे रुईचा ढीग. भिंतीकडे तोंड करून एक म्हातारी रजई शिवत होती. डाव्या हाताने सुई ओढायची, दोरा दाताने तोडायची.

उसामा पंचविशीतला. घाबरलेला. "अंकल ने जो बोला वोच छापा, म्याडम. गेलेल्यांना हार, बाकी प्लेन. मेरी क्या गलती?"

"बांबूची दुमड कोणी शिवली?"

"वो... घरचे लोक शिवतात."

म्हातारीने मागे न पाहता सांगितलं, "उसामा, पाव्हन्यायले चहा दे. दूध जास्त टाक." चहा फक्कड होता. नत्थुजींनी नंतर कबूल केलं की त्या दुकानातलं त्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

शनिवारी दुपारी संध्याने सगळ्यांना त्याच दुकानात बोलावलं. भगवंतराव गुंडाळी छातीशी धरून आले. खुशालराव गल्लीच्या तोंडाशीच अडून बसले होते. आरतीने त्यांना दंडाला धरून आणलं. भिंतीशेजारची जागा रिकामी होती आणि आतल्या खोलीचा पडदा ओढलेला.

"भगवंतराव," संध्या म्हणाली, "तुम्ही विचारत होता, बहिणीचा अपमान कोणी केला. तिथेच आपण सगळे चुकलो. अपमान करणारा चेहरा खरवडतो, फाडतो. इथे चेहरा जपून परत शिवलाय. नेला तो फक्त हार. हार कोणाला असतो?"

"गेलेल्या मानसाले," आरती म्हणाली.

"मग हार काढणारा काय सांगतोय?"

मशीनचा पंखा तेवढा फिरत होता.

"चेहऱ्याचे टाके आणि बांबूच्या दुमडीचे टाके एकाच दोऱ्याचे आहेत, गादीच्या. दोन्हीकडे टाक्यांचा कल उलटा, डाव्या हाताचा. म्हणजे काम इथेच झालं, गुंडाळी दुकानाबाहेर पडण्याआधी. खुशालराव आणि आरती सुटले. आणि खुशालराव, तुमच्या भिंतीवर दूरच्या मामालाही हार आहे. जिला स्वतः माती दिलीत, त्या बहिणीचा फोटो मात्र नाही. का?"

"जित्या मानसाले हार कसा घालू?" म्हातारा म्हणाला आणि रडायला लागला.

मग सगळं बाहेर आलं. घरोघर रुई पिंजायला येणारा अब्दुल रहीम. शिवण शिकायला आलेली ललिता. दोघांनी केलेलं लग्न. "घरात दोन बहिनी लग्नाच्या होत्या माह्या. गावात तोंड दाखवाचं होतं. काकाले सांगितलं, तापानं गेली. ललिताले सांगितलं, घरच्यायनं तुह्या नावानं आंघोळ केली, आता येजो नको. मग खोटं वापस कसं घेवाव, ते समजलंच नाई."

भगवंतरावांनी छातीशी धरलेली गुंडाळी रुईच्या ढिगावर ठेवली.

"उसामा फुकट लाइक करत नव्हता," संध्या हळूच म्हणाली. "तो दर रविवारी आजीला तिचं माहेर दाखवत होता. आजीने कोणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. पण दुमड शिवायला फ्लेक्स तिच्या मांडीवर आला आणि तिला स्वतःच्या गळ्यात हार दिसला. काल मी येऊन त्यांना विचारून गेले, भावाला आणू का. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. चहा दिला."

पडदा सरकला. म्हातारी उंबऱ्यात उभी राहिली. डोक्यावरचा पदर डाव्या हातात घट्ट धरलेला.

काखेत कळसा नि गावाला वळसा, नत्थुजींच्या मनात आलं. पण त्यांना हसू आलं नाही.

"बाई," भगवंतराव म्हणाले. एवढ्या म्हाताऱ्या माणसाचा इतका लहान आवाज नत्थुजींनी कधी ऐकला नव्हता. "मी जलमभर याच लाइनीवर होतो वं. अकोल्याहून किती गाड्या नेल्या. मले मालूम असतं तं..."

"मले होतं मालूम," ती म्हणाली. "गाद्या बुक कराले टेसनावर येत होती मी. तू शेवटच्या डब्यात उभा राहे. हिरवा झेंडा दाखवे. मी हात करत होती तुले."

"काहून हाक नाई मारली?"

"मेलेल्या मानसानं हाक मारली तं लोकं भेतात, बापू."

भगवंतरावांनी तिचे दोन्ही हात आपल्या तोंडावर धरले. खुशालराव दाराशी तसेच उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण बस म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने भगवंतरावांनी जमिनीवर फ्लेक्स पसरला. "उद्या हाच लावू. असाच, ठिगळासकट. पन नाव कोनतं लिहू, बाई?"

"दोन्ही लिही. ललिता अन् बिस्मिल्लाबी. दोन्ही मीच हाव."

आरतीने मशीनवरचा मार्कर उचलला आणि न विचारता त्या फोटोखालून एक वेल काढली आणि तिच्या टोकाला उसामाचं नाव लिहिलं. भगवंतरावांनी तिला अडवलं नाही. उलट म्हणाले, "बाकीच्या पोरीयच्याही काढ."

संध्याकाळी संध्या आणि नत्थुजी अमरावतीला परतायला अकोला स्टेशनवर आले. ती तिकिटाच्या रांगेत गेली. नत्थुजी बाकावर बसले. तिला आता घाई होती, सोमवारी नवं स्थळ तपासायचं होतं. त्यांना कसलीच घाई नव्हती. घराला कुलूप होतं.

समोरून एक मालगाडी सुटली. डबे संपता संपेनात. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड उभा होता, हातात हिरवा झेंडा. नत्थुजी कधी उठून उभे राहिले त्यांनाच कळलं नाही. त्यांनी हात वर केला.

गार्डाचं लक्ष सिग्नलकडे होतं. गाडी बडनेऱ्याच्या दिशेने निघून गेली तरी नत्थुजींचा हात थोडा वेळ वरच होता.