सरदारवर आलेला आळ

भर दुपारी बाल्कनीत वाळत घातलेली माझी ओढणी हलली… आणि वारा तर अजिबात नव्हता!

घडीतून एक तपकिरी डोकं बाहेर आलं. मी घाबरले नाही. साप माझ्याही घरात होता, माझ्या हातावर वाढलेली केशरी रेशीम. पण हा पाहुणा कुणाचा? तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला चष्मेवाला उभा. एका पायात चप्पल, दुसरा मोकळाच.

"माफ करा हं… आमचा सरदार इकडे आलाय का?"

"आलाय. माझी ओढणी पांघरून रेशीमच्या पेटीपाशी बसलाय."

तो हसला. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्याचे स्वतःचे डोळे इतके बोलके असावेत हे मला मुळीच आवडलं नाही… म्हणजे, फार आवडलं.

पुढे काही आठवड्यांनी रेशीमनं अंडी घातली. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली. मी तडक जिना चढले.

"बघा येऊन, तुमच्या सरदारनं काय करून ठेवलंय ते!"

"सरदारनं?" त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं… माझ्याकडे पाहिलं… मिटलं. मग मान खाली घालून म्हणाला, "पोराकडून चूक झाली खरी. आम्ही जबाबदारी घेऊ."

"घ्यायलाच हवी, व्याहीबुवा!"

मी जीभ चावली. पण शब्द सुटून गेला होता.

झालं! व्याहीबुवा आपलं चष्म्यांचं दुकान बंद करून रोज संध्याकाळी येऊ लागले. कधी ओलसर शेवाळ घेऊन, कधी थर्मामीटर. अंड्यांच्या डब्यावर दोघं वाकलो की कपाळाला कपाळ लागायचं. अंडी पिवळी पडायला लागली होती, पण त्याबद्दल दोघंही अवाक्षर काढत नव्हतो.

"अंडी सापाची," माझी आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "आणि उबवतायत हे दोघं!"

त्याच आठवड्यात रेशीम मलूल झाली. शेपटीच्या वर एक गाठ दिसत होती, आणि ती जागची हलेना. चष्मेवाल्यानं दुकान अर्ध्यावर बंद केलं. तिला टोपलीत घालून आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो.

"शेवटचं अंडं अडकलंय," बाई म्हणाल्या. "इंजेक्शन दिलं, कोमट पाण्यात ठेवून झालं, सरकत नाही. आता सुईनं त्यातला द्रव काढून घेते. अंडं आक्रसलं की सुटेल. थांबलो तर ही हातची जाईल."

"सुई? अहो, पण आत जीव आहे ना…"

सकाळी जमिनीला हात लावून, तिची क्षमा मागून मगच पाऊल टाकणारी मी. एक जीव राखायला दुसरा कसा टोचू देऊ? रेशीम माझ्या मनगटाशी गार पडत चालली होती.

"त्यात जीव नाही," चष्मेवाला एकदम म्हणाला.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"कारण… सरदार नर नाहीच. मादी आहे. नाव ठेवलं तेव्हा मलाही कळलं नव्हतं. गेल्या वर्षी तिनंही अशीच अंडी घातली, एकटीनंच."

"मग प्रश्नच मिटला," बाई हातमोजे चढवत म्हणाल्या. "नर जवळ आला नाही तरी मादी अंडी घालते. कोंबडी नाही का घालत? त्यातून पिल्लं बहुधा निघत नाहीत. काय करू, सांगा!"

मी डोळे मिटून हात जोडले, आणि मान डोलावली.

बाहेर बाकावर आम्ही दोघं. मध्ये रिकामी टोपली.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो… पण तुम्ही 'व्याहीबुवा' म्हणालात. मग धीरच झाला नाही. सरदार निर्दोष ठरला असता, तर मी रोज कुठल्या तोंडानं आलो असतो?"

"आणि आज?"

"आज तुम्ही रडायच्या बेतात होतात." तो चष्मा पुसत राहिला; काच केव्हाच लख्ख झाली होती. "माझ्याशी बोलणं टाकलंत तरी चालेल, म्हटलं… पण रेशीम राहू दे."

माझा राग कुठे गेला कोण जाणे! तेवढ्यात दार उघडलं. बाईंच्या हातावर रेशीम होती, इवलीशी जीभ लवलवत! अंडं सुटलं होतं. मी आनंदानं टाळी वाजवली, आणि दुसरी टाळी… त्याच्या हातावर पडली. ती तिथेच राहिली.

रस्त्यानं परत येताना टोपलीचा एक कान त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

"व्याहीपण तर संपलं," तो हळूच म्हणाला. "दोन्हीकडे मुलीच निघाल्या."

"हो ना. आत्या तर लग्नाच्या आशेवर आहे…"

"मग आता?"

मी टोपलीकडे बघतच म्हटलं, "आता बोहल्यावर आपल्यालाच उभं राहावं लागणार…!"