फाइव्ह नाइन, थँक यू

किल्ली मागायला आलात तर किल्लीचं बोला. वर गोष्ट पण पाहिजे म्हणे. मयूर, तुझ्या आज्याला मी ओळखतो, तो पण असाच होता. जेवायला आला की जाताना लोणचं बांधून मागायचा. लाइट गेलीय आणि तुम्ही काय हलत नाय, म्हणून सांगतो. नायतर ही गोष्ट तोंडातून काढायची मला अजिबात हौस नाय. बंटी, तो मोबाइल आधी खिशात घाल. हां. आता बस.

वरची गच्चीवरची खोली मी धनेशला दिलेली. पोरगा डोंबिवलीचा. तिथे त्याच्या सोसायटीत अँटेना लावायला गेला, तर सेक्रेटरी बोलला, ह्याने कॅन्सर होतो, आणि सगळ्या बायका जिन्यात जमल्या. मग शोधत शोधत कळव्याला आला. माझं घर तीन मजली, मागे खाडी, पुढे उघडं आभाळ. त्याने गच्चीवर खांब उभा केला आणि खोलीत रेडिओ मांडला. गाणी ऐकायचा रेडिओ नाय तो, बोलायचा. जगात कुठेही बसलेल्या माणसाशी.

तुम्हाला माहीत आहे ते, पण कॉन्टेस्ट म्हणजे काय हे मला समजलं तसं सांगतो. दोन दिवस, दोन रात्री ओरडायचं. इटलीवाला सापडला, जपानवाला सापडला, की त्याला म्हणायचं, "फाइव्ह नाइन." म्हणजे तुझा आवाज खणखणीत येतोय. मग त्याने त्याचा नंबर सांगायचा, म्हणजे आपण त्याला भेटलेला कितवा माणूस ते, आपण आपला सांगायचा, थँक यू, पुढचा. जास्त माणसं पकडील तो जिंकला. आणि ह्यातली गंमत बघा, आवाज कितीही मेलेला असो, खरखर असो, एक अक्षर कळत नसो, तरी फाइव्ह नाइनच म्हणायचं. खरं सांगण्यात टाइम जातो ना! मी धनेशला एकदा बोललो, "अरे, ही तर सरळ थाप झाली." तो हसला. "काका, सगळेच मारतात."

त्याचा जोडीदार संदेश. विठ्ठलवाडीचा. दोघांनी एकत्र परीक्षा दिली, एकाच दिवशी लायसन आलं, खांब पण दोघांनीच चढवला. धनेशला कप पाहिजे होता. संदेशला बेटं. ह्या लोकांत ती पण एक खोड असते. ओसाड बेटावर जायचं, तंबू ठोकायचा, तिथून बोलायचं. मग त्या एका बेटासाठी सगळं जग तुटून पडतं, कारण असं बेट सापडलं की गुण धडाधड वाढतात. संदेशने दोन वर्षं खटपट करून परवानगी काढली. खाली दक्षिणेला, भर समुद्रात वाळूचा एक पट्टा. झाड नाय, पाणी नाय, नुसते पक्षी. परक्या गावचे दोघे जण बरोबर घेतले आणि गेला. जाताना धनेशला बोलला, "कॉन्टेस्टच्या रात्री तुला नक्की हाक मारीन. तुझा कप पक्का."

ही परवाच्या वर्षाची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावरचा शनिवार, रात्रीचे दोन.

धनेश वर खोलीत. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. युरोप असा उघडलेला, म्हणजे तिकडचे आवाज साफ येत होते, मिनिटाला तीन तीन माणसं. त्या गर्दीत, अगदी तळातून, एक बारीक आवाज आला.

"धनेश..."

त्याने लगेच ओळखला. आनंदाने उडालाच तो. बेट सापडलं! "संदेश! फाइव्ह नाइन! नंबर दे!"

"धनेश, ते दोघे बोट घेऊन पाणी आणायला गेले ते आले नाय... मी एकटाच आहे... तंबूत पाणी शिरलंय..."

"नंबर दे रे, नंबर!"

"कोणालातरी फोन कर... कोस्ट गार्डला... पाणी चढतंय..."

"संदेश, नंबर!"

मग तो म्हणाला, "सात."

"थँक यू!" म्हणाला धनेश, आणि पुढचा घेतला.

ऐकू नव्हतं आलं असं नाय. सगळं आलं. त्याच्या मनात आलं, ही गर्दी जरा ओसरली की फोन करू. पाच मिनिटांनी करू. त्या पाच मिनिटांत पंधरा माणसं झाली. मग अजून पंधरा. गर्दी ओसरली तेव्हा उजाडलेलं.

बेटावर तंबू सापडला. संदेश नाय सापडला.

त्याची बायको रसिका डोंबिवलीला आली, धनेशच्या दारात उभी राहिली. "भाऊजी, त्या रात्री तुमचं बोलणं झालं का हो त्यांच्याशी?"

धनेश बोलला, "झालं ना. आवाज एकदम चांगला येत होता. मजेत होता."

ती बाई तेवढ्यावर गेली. तेवढंच धरून जगत असेल बिचारी.

आणि कप धनेशला मिळाला. त्या एका बेटाने मिळाला. डोंबिवलीत हॉल घेतला, आधी संदेशसाठी दोन मिनिटं उभे राहिले, मग टाळ्या वाजवल्या. त्यांच्या क्लबचा म्होरक्या माइकवर बोलला, "आपल्या दिवंगत मित्राने जाता जाता आपल्याला हे यश दिलं." वडे होते. मी पण खाल्ले. मला तेव्हा काय माहीत?

गेल्या वर्षी पुन्हा तोच शनिवार आला. धनेश संध्याकाळी आला, हातात डबा, थर्मास. "काका, दोन दिवस खाली उतरणार नाय." मी बोललो, "उतरू नको. ओरड फक्त कमी." नेहमीचंच.

मध्यरात्रीपर्यंत सगळं ठीक होतं. आकडा आधीच्या वर्षीपेक्षा पुढे. चहा प्यायला, आळस दिला, पुन्हा पेडलवर पाय ठेवला.

पाय ओला झाला.

त्याने खाली बघितलं. फरशीवर पाणी. बोटभर. त्याला वाटलं थर्मास कलंडला. थर्मास टेबलावर होता. उभा.

कानात नेहमीची माणसं बोलत होती. रशियावाला. स्पेनवाला. फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन. मग त्यांच्या खालून, अगदी तळातून...

"धनेश."

त्याचा पाय पेडलवरून उचलेना.

"धनेश, फाइव्ह नाइन. माझा नंबर आठ."

आठ. सातनंतरचा आठ. म्हणजे मधल्या अख्ख्या वर्षात त्याला दुसरं कोणी भेटलंच नव्हतं.

धनेशने हेडफोन काढून फेकला.

आवाज थांबला नाय.

"तुझा नंबर दे."

पाणी घोट्याला लागलं. थंड नव्हतं. उन्हात तापलेल्या उथळ समुद्राचं असतं तसं कोमट होतं. त्याने दाराकडे झेप घेतली. आतली कडी उघडीच होती. दार ओढलं. लाथ मारली. खांदा मारला. भिंत हलली असती एकवेळ, दार नाय हललं. खिडकीतून खाली गल्ली दिसत होती, कोरडी ठाक. समोरच्या ओट्यावर कुत्रा झोपलेला. धनेश ओरडला, "काका! वाचवा! पाणी... पाणी!"

मी ऐकलं ना. आमच्या शेजारच्या आवडाबाईंनी पण ऐकलं. अख्ख्या गल्लीने ऐकलं. पण दर वर्षी त्या दोन रात्री वरून हेच यायचं, घसा फोडून ओरडणं. गल्लीने कूस बदलली.

पाणी गुडघ्याला आलं.

मोबाइल लावला. रिंग नाय, काय नाय. नुसती खरखर. मग त्याला सुचलं. अरे, समोर रेडिओ आहे, अख्खं जग ऐकतंय! तो टेबलाला धरून परत आला. पेडल पाण्याखाली. त्यावर पाय दाबला, बल्ब चालू, रेडिओ चालू. माइकमध्ये ओरडला. इंग्लिशमध्ये ओरडला, हिंदीत ओरडला. मदत करा. मी बुडतोय. ठाण्याला कळवा. कोणीतरी पोलिसांना फोन करा.

पाय उचलला. कान लावला.

इटलीवाला आला. "फाइव्ह नाइन. नंबर?"

"नंबर नाय! हेल्प! आय ॲम ड्राउनिंग!"

"थँक यू." गेला.

जपानवाला आला. "फाइव्ह नाइन. नंबर?"

"प्लीज... प्लीज ऐक..."

"थँक यू."

एकामागून एक. रांग लागली. आयुष्यात कधी लागली नव्हती एवढी मोठी रांग. सगळ्यांना त्याचा आवाज खणखणीत येत होता. कोणी थांबेना.

पाणी कंबरेला.

तो टेबलावर चढला. डोकं छताला टेकलं. खाली रेडिओ पाण्यात गेला. बल्बचा उजेड पाण्यातून हलायला लागला. आता इटलीवाला नव्हता. जपानवाला नव्हता. एकच आवाज होता...

"तुझा नंबर दे."

"संदेश, चुकलं रे माझं. मी फोन करणार होतो..."

"नंबर."

"तुझ्या पाया पडतो..."

"नंबर."

धनेशने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

पाणी चढायचं थांबलं.

मग त्याने सांगितला. किती, ते मला बोलला नाय.

"थँक यू," संदेश म्हणाला. "पुढचा."

...

सकाळी मी चहा घेऊन वर गेलो. दार नुसतं लोटलेलं. बोटाने ढकललं, उघडलं. धनेश टेबलावर उकिडवा बसलेला, दोन्ही हात डोक्यावर. फरशी कोरडी. रेडिओ चालू. आणि त्याचे कपडे ओले नव्हते रे. कडक होते. सुक्या बोंबलासारखे. धरून खाली आणला, तेव्हा जिन्यात बसून त्याने हे सगळं मला सांगितलं. संदेशचं, पाच मिनिटांचं, रसिकाचं. एकदाच सांगितलं. परत तोंड उघडलं नाय.

आता तो शीळफाट्याला एका गोडाऊनवर बसतो. फोन वाजला की उचलतो, म्हणतो, "फाइव्ह नाइन, थँक यू," आणि ठेवून देतो. आईचा असला तरी. आई पडली होती बाथरूममध्ये, तिने फोन केला, तेव्हा पण हेच बोलला आणि ठेवला. शेजाऱ्यांनी काढली तिला.

संदेशचं मन भरलं असेल असं वाटतं तुम्हाला? मला नाय वाटत. मी असतो तर माझं नसतं भरलं.

आणि धनेशला खाली आणला त्याच दिवशी क्लबचा तो म्होरक्या आला. मोठा शिकलेला माणूस. जिन्यात उभा राहून, सगळ्या गल्लीसमोर, माझ्या सुनेसमोर बोलला, "या गृहस्थांना रात्रीच्या आवाजाचा त्रास होत असे. यांनीच रागाच्या भरात बाहेरून कडी लावली. त्या मुलाच्या मनावर परिणाम झाला तो त्यामुळे." पोलिसाला पण तेच सांगितलं. मी त्याचा हात धरला, वर नेला, दार दाखवलं. बाहेरून कडीच नाय त्या दाराला. कधी नव्हतीच. तर काय बोलतो? "मग ओढून धरलं असेल." रात्रभर! सत्तर वर्षांचा म्हातारा मी, मला जिना चढून दम लागतो.

मी त्याला भिंत दाखवली. चारी भिंतींवर कंबरेच्या वर एक रेघ, सरळ, पांढरी. बोट लावलं की खरखरीत. तो म्हणाला, "टाकी गळते तुमची." अरे, टाकी गोड्या पाण्याची. माझ्या बापाचा जन्म मिठागरात गेला. मी ती रेघ चाटून बघितली. मीठ आहे. आणि ह्या खाडीचं काळपट मीठ नाय ते, पांढरंशुभ्र आहे. चुना मारला, तीनदा मारला. परत वर येते.

त्यानंतर खोली बंद आहे. वर्ष झालं. किल्ली माझ्या कमरेला, तुम्ही बघताच आहात. आत कोणी गेलं नाय, पाणी नाय, पाऊस नाय. तुम्ही येणार म्हणून आज दुपारी झाडायला उघडली. आज शनिवार ना तुमच्या कॉन्टेस्टचा?

रेघ कंबरेला नाय आता.

माझ्या हनुवटीला लागते. आणि वरची बाजू ओली आहे.

किल्ली पाहिजे? ही घ्या. पण ज्या म्होरक्याने तुम्हाला सांगून पाठवलं ना, खोली चांगली आहे, म्हातारा येडा आहे, त्याला आधी इथे आणा. त्याच जिन्यात उभा करा, त्याच गल्लीसमोर. माझी माफी मागू दे त्याला. मग खुशाल वर जाऊन बसू दे रात्रभर, दार लोटून. नाव माहीत आहे तुम्हाला. तरी मी घेतो, वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने घेतो.

हरिहर लिमये.