बावीस सेकंदांची खुर्ची

"ही बघा, पुन्हा पडली!" भाऊजींनी फोन थेट वहिनींच्या नाकासमोर धरला.

फोनमधल्या बावीस सेकंदांच्या व्हिडिओत एक माणूस लाकडी खुर्चीवर बसत होता. चेहरा नाही, नुसतं मानेखालचं दर्शन. तो टेकला, खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले आणि गडी जमिनीवर. खाली ओळ होती: 'यांची खुर्ची घेतली, पंधरा दिवसांत ही गत.' त्याखाली एका सुताराच्या दुकानाचं नाव.

"कालपासून तिसरी वेळ. तुम्हाला नाही आली?"

"मला एकदाही नाही." वहिनींनी फोन घेतला, चष्मा खाली ओढला. "हा साधा व्हिडिओ नाही भाऊजी. कोपऱ्यात 'जाहिरात' लिहिलंय. कुणीतरी खर्च करून तुम्हाला हा दाखवतंय."

त्यांनी कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले आणि आलेली ओळ मोठ्याने वाचली. "जाहिरातदाराने दिलेल्या यादीत तुमचा नंबर असल्यामुळे ही जाहिरात तुम्हाला दिसत आहे."

"कसली यादी? माझा नंबर तीन आठवड्यांपूर्वीचा! जुन्यावर कर्जवाल्यांचे फोन यायचे म्हणून तर बदलला. नवा ठाऊक कुणाला? तुम्ही, बँक, बास."

"बास?"

"बास," भाऊजी म्हणाले आणि उगाचच खिडकीबाहेर बघू लागले.

वहिनी विमा कंपनीत सत्तावीस वर्षं खोटे दावे पकडून निवृत्त झाल्या होत्या. आता तेच काम घरच्या पुढच्या खोलीत, स्वतःच्या मर्जीने करत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. नातं दिराचं, काम मदतनिसाचं, दोन्ही बिनपगारी. अंगाने भरपूर आणि विचाराने सावकाश.

तेवढ्यात बेल वाजली. दारात ज्याची खुर्ची पडली होती तो मिस्त्रीच उभा होता. सोबत त्याची मुलगी.

"मावशी, आज पाच वाजता वाचनालयाच्या समितीची बैठक आहे," मुलगी म्हणाली. दुकानाचं ऑनलाइन पान तीच चालवायची. "ऐंशी खुर्च्यांचं काम आम्हाला जवळजवळ मिळालं होतं. सकाळी चिटणिसांनी हा व्हिडिओ पाठवला आणि विचारलं, खरं का? चाळीस हजार लोकांनी बघितलाय. बाबांनी हत्यारं फडक्यात बांधून ठेवलीत."

"कशाला बांधलीत?" वहिनींनी विचारलं.

"ज्याची खुर्ची माणसाला पाडते, त्यानं रंधा धरू नये," मिस्त्री म्हणाला. "पण बाई, ती खुर्ची माझी आहे आणि माझी नाहीही. माझी खुर्ची मोडली तर लाकूड फाटेल. सांधा सुटायचा नाही."

वहिनींनी व्हिडिओ थांबवून बघितला. सुटलेल्या सांध्यांची टोकं स्वच्छ होती. कुठे चीर नाही, वाळलेल्या सरसाचा डागही नाही. उलट्या पडलेल्या बैठकीची खालची बाजू कोरी होती.

"खाली काही लिहिता का?"

"नंबर ठोकतो. सरस वाळला, सांधा दाबून धरणारा शिकंजा सोडला, की मग. त्याआधी नाही."

"भाऊजी, चपला घाला. पाचला सहा तास आहेत."

* * *

मिस्त्रीच्या कारखान्यासमोरच लोखंडी खुर्च्यांचं दुकान होतं. तिथल्या शेठनी पडत्या खुर्चीचा फोटो मोठा छापून काचेवर डकवला होता.

"आनंद झालाय, खोटं कशाला बोलू?" शेठ म्हणाले. "पण मी नाही केलं. मला तर हे एका गिऱ्हाइकानं दाखवलं. माझ्या फोनवर आलंच नाही."

"त्यांची एखादी खुर्ची आहे तुमच्याकडे?"

"आहे की! फोडून बघायला मुद्दाम विकत घेतली होती. पोरांनी हातोडे मारले, फुटेना. आता मीच बसतो तिच्यावर. बाहेर बोलू नका."

गल्ल्यामागे ती खुर्ची होती. वहिनींनी वाकून बैठकीखाली पाहिलं. नंबर होता.

तिथून ते जाहिरातवाल्याकडे गेले. मिस्त्रीच्या पानावरचे फोटो, सवलतीच्या घोषणा, कुठली जाहिरात कुणाला दाखवायची, सगळं तो बघायचा. पुढच्या महिन्यापासून मुलगी ते काम स्वतः करणार होती, म्हणजे याची गच्छंती ठरलेली.

"माझ्यावर संशय? साहजिक आहे," तो म्हणाला. "त्यात मी काल त्यांना बदनामी धुऊन काढायची योजनाही पाठवली. धंद्याची खोड, काय करणार!"

"यादी देऊन जाहिरात दाखवतात म्हणे?"

"सोपं आहे. गिऱ्हाइकांचे नंबर चढवायचे, त्याच फोनवर जाहिरात जाते. माझ्याकडे त्यांच्या ऑनलाइन गिऱ्हाइकांची यादी आहे. दर रविवारी दुकानदारांना मी हेच फुकट शिकवतो. आजोबा लोकसुद्धा येतात. सगळ्यात मागे बसणारे सगळ्यात लवकर शिकतात, बरं का!"

कोपऱ्यात मिस्त्रीची एक खुर्ची होती. भाऊजी सवयीने टेकणार तोच जाहिरातवाला ओरडला, "अहो, नको! ती फोटोची आहे. कच्ची!"

"कच्ची म्हणजे?"

"मिस्त्री आधी पॉलिश करतात, मग खुर्ची नुसती जोडून बघतात. बिनसरसाची. एक रात्र तशीच ठेवतात, सकाळी उलगडून सरस लावतात. मधल्या वेळात इथे आणून आम्ही फोटो काढतो. बसलात तर तुमचाही व्हिडिओ होईल."

भाऊजी उभेच राहिले. वहिनींनी खुर्चीचा एक पाय हलवला. तो दातासारखा हलला.

* * *

एक वाजता ते कारखान्यात पोचले. मिस्त्रीचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा काका, भुसा झाडत होता. तीस वर्षं विक्री त्याच्या जिभेवर चालली होती. आता प्रदर्शनातला स्टॉल आणि रात्री कारखान्याला कुलूप घालणं, एवढंच त्याच्याकडे उरलं होतं.

"या या!" काका भाऊजींना बघून म्हणाला. "तुम्ही मागच्या आठवड्यात स्टॉलवर आला होतात ना? पाऊण तास बसला होतात, उठायलाच तयार नव्हतात."

भाऊजींचे कान लाल झाले. "पाय दुखत होते."

"खुर्ची कशी होती ते सांगा की!"

"उत्तम होती."

"बघा! असं समोरासमोर विकायचं असतं. आता बावन्न हजार लोक त्या डबड्यात बघून गेले, त्यातल्या एकानं तरी हात लावून पाहिलं का लाकडाला?"

"तुम्ही व्हिडिओ पाहिलात?" वहिनींनी विचारलं.

"पुतणीनं सकाळी दाखवला. माझा हा बटणांचा फोन." त्याने खिशातून एक जुना, टवके उडालेला फोन काढला. "हिरवं दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की गप्प बसायचं."

भिंतीवर एका तारेत कागदाचे कपटे टोचले होते.

"हे काय?"

"स्टॉलवरच्या सोडतीच्या चिठ्ठ्या. नाव, नंबर लिहा, खुर्ची जिंका. पुतणी म्हणते, कागद कोण टाइप करत बसणार? तिला फोनवरचीच गिऱ्हाइकं लागतात. म्हणून माझ्याजवळच राहिल्या."

बाहेर आल्यावर भाऊजींनी फोन उघडला. "खरंच की, बावन्न हजार! सकाळी चाळीस होते."

"हं," वहिनी म्हणाल्या. "साडेतीनला सगळ्यांना इथं बोलवा. आणि भाऊजी, 'बास' म्हणाला होतात, तेव्हा खिडकीत काय होतं हो?"

भाऊजींनी मान खाली घातली.

* * *

साडेतीनला कारखान्यात सगळे जमले. मिस्त्री ओट्यावर बसला होता, शेजारी हत्यारांचं गाठोडं.

"व्हिडिओतली खुर्ची कधी विकलीच गेली नव्हती," वहिनींनी सुरुवात केली. "बैठकीखाली नंबर नाही, सांध्यात सरस नाही. ही फोटोची कच्ची खुर्ची. शेठकडे आहे ती पक्की, नंबर असलेली. शेठ सुटले."

"मी बोललोच होतो," शेठ म्हणाले.

"आणि बसणाऱ्याचे हात बघा. पडणारा माणूस खुर्ची धरायला जातो. याचे हात आधीच जमिनीकडे गेलेत. खुर्ची उलगडणार हे त्याला ठाऊक होतं."

सगळ्यांची नजर जाहिरातवाल्याकडे वळली.

"कच्ची खुर्ची यांच्याकडे आहे, विद्या आहे, कारणही आहे. पण यादी नाही. यांच्याकडे फक्त ऑनलाइन गिऱ्हाइकांचे नंबर. आमच्या भाऊजींनी ऑनलाइन साधा रुमालही घेतलेला नाही. त्यांचा नंबर नवा. मी, बँक आणि...?"

"आणि सोडतीची चिठ्ठी," भाऊजी पुटपुटले. "खुर्ची मिळेल म्हणून भरली. लाज वाटली, म्हणून सांगितलं नाही."

वहिनींनी तारेतून चिठ्ठ्या उपसल्या. चौथी भाऊजींची होती, गिचमिड अक्षरात.

"हा नंबर या तारेशिवाय त्या यादीत कुठून जाणार? आणि ही तार एकाच माणसाची. कच्ची खुर्ची रात्री आत असते तेव्हा कारखान्याला कुलूपही तोच माणूस घालतो. सकाळी पुतणीनं व्हिडिओ दाखवला तेव्हा आकडा चाळीस हजार होता. एक वाजता मात्र तो मला बावन्न हजार सांगतो, बटणांच्या फोनवरून! काका, दुसरा फोन कुठंय?"

भुसा झाडायचा झाडू काकाच्या हातातून गळला.

"रविवारी शेवटच्या बाकावर बसणारे," जाहिरातवाला हळूच म्हणाला, "टोपी घालून यायचे ते... तुम्हीच ना? नाव वेगळं सांगितलं होतंत."

"काका?" मुलीचा आवाज फुटला.

"मला खुर्ची पाडायची नव्हती गं," काका म्हणाला. "तुझं पान पाडायचं होतं. तीस वर्षं माणसं माझं नाव घेत दुकानात यायची. आता येतात, फोन दाखवतात, म्हणतात, ताई कुठंयत? मी उभा असतो, खांबासारखा. वाटलं, माझ्याच स्टॉलवरच्या लोकांनी बघावं आणि म्हणावं, हे ऑनलाइन काही खरं नाही, त्या माणसाकडेच जाऊ. त्यांनी पुढे पाठवला. पुढच्यांनी आणखी पुढे. दादा, मला थांबवता येईना."

मिस्त्रीने गाठोड्यावर हात ठेवला.

"चार वाजलेत," वहिनी म्हणाल्या. "रडायला सहानंतर वेळ आहे. ज्या तोंडानं खुर्च्या विकल्यात, तेच आता उघडा. पण चेहऱ्यासकट. पोरी, थेट प्रक्षेपण लाव आणि चिटणिसांना कळव."

काका पहिल्यांदाच पुतणीच्या फोनसमोर उभा राहिला. सगळं सांगितलं. स्वतःचं नाव सांगितलं, नातं सांगितलं, चूक सांगितली. मग कच्च्या खुर्चीवर बसला आणि सगळ्यांदेखत सपशेल आपटला. या वेळी हात खुर्चीकडे गेले.

"आता पक्की," तो उठून कंबर चोळत म्हणाला. "भाऊजी, उभे राहा तिच्यावर."

"मी?"

"आमच्यात वजनदार तुम्हीच."

भाऊजी चढले. शेठही, कोण जाणे कशाला, त्यांना धरून चढले. खुर्चीने हूं की चूं केलं नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी मिस्त्रीचा फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं. दोनदा "हो" म्हणाला, एकदा "आभारी आहे". फोन ठेवून तो भावाकडे वळला.

"ऐंशी," तो म्हणाला. "उद्या वाचनालयात मापं घ्यायला तू जा, धाकट्या. तिथं समोरासमोर बोलणारा माणूस लागतो. आणि हिला सोबत ने. लोक बोलतील तुझ्याशी, फोटो ती काढेल."

"आणि सोडतीचं काय?" भाऊजींनी खुर्चीवरूनच विचारलं.

"भाऊजी, उतरा," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्री मांडी घालून बसला आणि गाठोड्याची गाठ दातांनी सोडवू लागला.