पाचवी पाटी

अभनपूरला आमची बस चहासाठी थांबली होती. खिडक्यांच्या दांड्यांवर आमच्या टीमचे सरावानंतर धुतलेले मोजे वाळत होते. तेवढ्यात कोणाच्या तरी मोटारसायकलवरून एक जण उतरला आणि धापा टाकत थेट बसमध्ये चढला.

"हा थैला उचलता का जरा? का बॉलचंबी तिकीट काढलं?"

सगळ्या बसमध्ये तेवढीच जागा उरली होती... माझ्या शेजारची. मी बॉलचा थैला मांडीवर घेतला. "रायपूरहून बस सुटली तवा झोपून होते का?"

"हव. पण पकडली ना!"

हा भार्गव, रायपूरच्या चौबे कॉलोनीतला. धमतरी, कांकेर, जगदलपूर असे तीन दिवस आमच्या कॉलेजचे बास्केटबॉलचे सामने होते आणि टेबलाशी बसून स्कोअर लिहायला त्याला पाठवलं होतं. खेळाडूनं फाउल केला की कितवा ते सांगणारी पाटी तो वर करायचा. पाचवी पाटी लाल. ती दिसली की मैदानाबाहेर!

धमतरीला माझे तीन फाउल झाले. तिन्ही वेळा मी टेबलाकडे पाहिलं, आणि पाटीच्या वरून दोन डोळे हसताना दिसले.

"मुद्दाम करून राहिली का फाउल?" संध्याकाळी नळावर त्यानं विचारलं. "माझ्याकडं पाहाले?"

"तुमच्याकडं काहून पाहीन? पाटी पाहते मी."

"मंग पाटीले इतकं लाजते?"

मी ओंजळभर पाणी त्याच्या अंगावर उडवलं. कांकेर येईपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

पुढच्या वाटेवर मुली एकमेकींच्या खांद्यांवर झोपल्या होत्या आणि मी त्याला घरचं सगळं सांगून बसले. बाबा मार्चमध्ये रेल्वेतून रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार. जगदलपूरला खेळाडूंच्या भरतीसाठी रेल्वेचे निवडकर्ते येणार होते. मला नोकरी लागली तर घर सावरेल, हा एकच आधार.

"शेवटपर्यंत मैदानात राह्य," तो हळूच म्हणाला. "ते शेवटची पाच मिनिटंच पाह्यतेत."

जगदलपूरला तिसऱ्या डावात माझा चौथा फाउल झाला. पाटी वर आली... तीनची! मला वाटलं, माझंच मोजायला चुकलं. पण खेळाडूला आपले फाउल पाठ असतात. सामना बरोबरीत, चार मिनिटं उरलेली, आणि माझा हात पुन्हा समोरच्या मुलीच्या कोपरावर बसला. शिट्टी वाजली. भार्गवनं चारची पाटी धरली. गडबडीत कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आमच्या कोच वनमाला मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं — फाउल आपला असेल तर हात आपणच वर करायचा. खोटं कशाला बोलू, माझा हात लगेच वर गेला नाही. खुर्चीतले निवडकर्ते दिसले, बाबा दिसले. मग मी हात वर केला, टेबलापाशी गेले.

"हा माझा पाचवा आहे."

आम्ही तीन गुणांनी हरलो. भार्गवला तिथल्या तिथे टेबलावरून उठवलं. संध्याकाळी रेल्वेची यादी लागली. तिच्यात माझं नाव नव्हतं.

भार्गव प्रेक्षकांच्या स्टँडमागे उभा होता.

"लिवाले भुलला ना तू?" मी विचारलं. त्यानं नुसतं 'हव' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

"नाई... जाणूनच नाई लिवला. तुले बाहेर बसलेलं पाहावलं नसतं. मले तू आवडते, मीनल."

ज्या शब्दांसाठी तीन दिवस जीव टांगणीला लागला होता, ते असे आले.

"मलेबी तू आवडतो," मी म्हटलं आणि रडू फुटलं. "पण नोकरी लागली असती ना, तर जलमभर वाटलं असतं, हे माझ्या खेळाचं नाई. तू दाखवली ती पाटी खरीच, असं धरून चालले होते रे मी..."

"मंग आता?"

मी डोळे पुसले, बॉलचा थैला उचलला आणि आमच्या बसकडे निघाले.

परतीला तो दुसऱ्या बसनं गेला. अभनपूरला मुली चहाला उतरल्या. टीममधली रूपाली माझ्याजवळ बसायला आली; शेजारच्या, भार्गवच्या जागेवर मी बॉलचा थैला ठेवला होता. "थैला खाली ठेवू का?"

"राहू दे," मी म्हणाले. रायपूर येईपर्यंत त्या जागेवर मी कोणालाच बसू दिलं नाही.